तेरा दिवसांचं अंतर

गाडी धारवाडला थांबली तेव्हा नुकतं फटफटायला लागलं होतं. फलाटावर चहावाल्याची हाळी, डब्यात डोक्यावरून ओढलेल्या चादरी. मी मात्र मिरजेपासून जागीच होते. कोल्हापूरच्या माणसानं म्हैसूरला जाताना धारवाड झोपेत ओलांडू नये, असं मनानं घेतलं होतं.

शाहू महाराज इथं शिकले. १८९० ते १८९४ अशी चार वर्षं. शिकवायला होते स्टुअर्ट फ्रेझर नावाचे सनदी अधिकारी. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला आणि दोन वर्षांनी हेच फ्रेझर आणखी एका राजपुत्राला शिकवायला म्हैसूरला गेले. त्या मुलाचं नाव कृष्णराज वाडियार. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता, राज्याचा गाडा आई हाकत होती.

धनंजय कीरांचं शाहूचरित्र पिशवीत होतं. त्यात मी दोन तारखांचा कागद घालून ठेवला होता. २६ जुलै १९०२ : रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, हा शाहू महाराजांचा हुकूम. महाराज तेव्हा विलायतेत होते. ८ ऑगस्ट १९०२ : कृष्णराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. एकाच गुरूचे दोन शिष्य, आणि मध्ये तेरा दिवस. पण कोल्हापुरात जे १९०२ साली झालं, ते म्हैसूरला व्हायला १९२१ साल उजाडावं लागलं. ती एकोणीस वर्षं कुठं गेली आणि कुणी संपवली, हे मला म्हैसुरात शोधायचं होतं.

म्हैसूरला उतरलं की प्रत्येक जण राजवाड्याकडंच निघतो. मीही गेले. १८९७ साली लग्नाच्या धामधुमीत जुना लाकडी राजवाडा जळाला, त्यानंतर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावर आजचा वाडा उभा राहिला, तो पुरा झाला १९१२ मध्ये. रविवारी संध्याकाळी सुमारे लाखभर दिवे एकदम लागतात तेव्हा गर्दीतून नकळत ‘आहा’ निघतं. माझ्याही तोंडून निघालं. पण मला हवी होती ती वास्तू इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि तिथं गर्दी वेगळ्याच कारणानं जाते.

जगनमोहन पॅलेस, बांधकाम १८६१ चं. आज ते चित्रसंग्रहालय आहे. मराठी माणूस तिथं येतो तो सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगचित्र पाहायला. हातात दिवा धरलेली मुलगी, बोटांच्या फटींतून लालसर झिरपणारा उजेड. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांचीच लेक. पुढं तिचं आयुष्य कोल्हापुरात गेलं आणि शंभरी ओलांडून २०१८ साली ती वारली. आमच्या गावची म्हातारी इथं कायमची तरुण उभी आहे, या विचारानं मी बराच वेळ त्या चित्रासमोर उभी राहिले.

मग पाठ फिरवून दालनाकडं पाहिलं. व्हाइसरॉय कर्झनच्या हस्ते कृष्णराजांना अधिकार मिळाले ते याच वाड्यात. १९०७ साली राज्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक भरली तीही याच वाड्यात. लोक दिव्याचं चित्र बघतात, आणि ज्या जागी राज्याच्या कायद्यांवर बोलायला सुरुवात झाली ती जागा पायाखाली राहून जाते. माझ्या हातातल्या पर्यटन-नकाशावर राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चामुंडी टेकडी, रेल्वे संग्रहालय असं सगळं होतं. हक्कांच्या इतिहासाची खूण नव्हती. अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरी गावी २०१८ पासून झुंडबळी झालेल्या काळ्या माणसांचं स्मारक आहे. छताला आठशेहून अधिक पोलादी स्तंभ टांगलेत, प्रत्येकावर एकेका जिल्ह्याचं आणि मारल्या गेलेल्यांचं नाव. आपल्याकडं अशा जागा पुस्तकं हातात घेऊन स्वतःच शोधाव्या लागतात. तिथल्या काळ्या माणसांचं आणि इथल्या दलितांचं हे नातं जोतीराव फुल्यांनी फार लवकर ओळखलं होतं. १८७३ सालची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरभवन गाठलं. म्हैसूरकर टाऊन हॉलला पुरभवन म्हणतात. हे दिवाण रंगाचार्लूंचं स्मारक. पन्नास वर्षं इंग्रजांच्या ताब्यात राहिलेलं राज्य १८८१ च्या मार्चमध्ये वाडियारांना परत मिळालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात रंगाचार्लूंनी प्रजाप्रतिनिधी सभा बोलावली. सदस्य १४४, बहुतेक जमीनदार आणि व्यापारी. सभेला अधिकार काहीच नव्हते, नुसतं गाऱ्हाणं मांडायचं. पण दरवर्षी दसऱ्याला रयतेची माणसं म्हैसुरात यायची आणि हत्तीच्या मिरवणुकीबरोबर आपली गाऱ्हाणीही घेऊन यायची. दसऱ्याची ही बाजू मला ठाऊकच नव्हती. १९२३ साली या सभेला कायद्याचं अधिष्ठान मिळालं आणि स्त्रियांच्या मतदानाआडची अटही निघाली.

पुरभवनासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्या दिवशी सकाळी कुणीतरी ताजा हार घालून गेलं होतं. पायरीवर बसून मी १९१८ साल उघडलं.

राज्य परत मिळालं तरी कचेऱ्या मूठभरांच्याच हातात राहिल्या होत्या. राज्याच्या लोकसंख्येत ब्राह्मण चार टक्क्यांहूनही कमी, पण राजपत्रित जागांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्यांच्याकडं. दिवाणांच्या यादीत आपलीही माणसं दिसतात. १९०९ ते १९१२ या काळातले दिवाण टी. आनंदराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले, सर टी. माधवरावांचे चिरंजीव. इंग्रजी शिक्षण ज्यांच्या दारात आधी आलं त्यांच्याच दारात नोकरी आली. बाकीच्या मुलांना शाळेचीच वाट नव्हती, मग कचेरीची कुठून असणार?

१९१७ साली ‘प्रजामित्र मंडळी’ स्थापन झाली. लिंगायत, वक्कलिग, मुसलमान असे एरवी वेगवेगळे बसणारे लोक एका सतरंजीवर आले, आणि पुढच्या वर्षी त्यांचं शिष्टमंडळ अर्ज घेऊन कृष्णराजांकडं गेलं. मला या सगळ्या कथेतला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. कोल्हापुरात वरून हुकूम आला. शाहू महाराजांचं मोठेपण त्यात आहे आणि ते निर्विवाद आहे. म्हैसुरात खालून अर्ज गेला. त्या अर्जावर ज्यांनी सह्या केल्या त्यांचा पुतळा चौकात नाही. पण एकोणीस वर्षं संपवली ती त्यांनी.

अर्जावर कृष्णराजांनी समिती नेमली. अध्यक्ष होते मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर. त्या वेळी दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचं नाव पुण्यात आजही आदरानं घेतात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात ते शिकले, मुंबई इलाख्यात नोकरी केली, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. म्हैसूर विद्यापीठ १९१६ साली उभं राहिलं ते त्यांच्याच काळात. जागा राखून ठेवल्या तर कारभाराची गुणवत्ता घसरेल, त्यापेक्षा शिक्षण वाढवावं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. महाराजांचं मत वेगळं पडलं. १९१८ च्या डिसेंबरात विश्वेश्वरय्यांनी पद सोडलं.

त्या माणसाबद्दलचा माझा आदर पुरभवनाच्या पायरीवर कमी झाला नाही. पण ज्यांच्या पोरांना शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्यांना ‘आधी शिका, मग या’ म्हणणं म्हणजे विहिरीवर पाणी भरू न देता तहान भागवायला सांगणं होतं. हे शाहू महाराजांनी ओळखलं, म्हणून त्यांनी वसतिगृहं आणि राखीव जागा दोन्ही बरोबर केलं. म्हैसुरात मिलर समितीनं १९१९ साली अहवाल दिला : सात वर्षांच्या आत वरच्या निदान निम्म्या आणि खालच्या निदान दोन तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडं असाव्यात, आणि दलित वर्गातला पात्र उमेदवार असेल तर त्याला आधी घ्यावं. १९२१ साली त्याचा हुकूम निघाला. शाहू महाराजांना १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी समाजानं ‘राजर्षी’ म्हटलं. कृष्णराजांनाही म्हैसूरकर ‘राजर्षी’च म्हणतात आणि ही पदवी गांधीजींनी दिली असं सांगतात. फ्रेझरांच्या दोन्ही विद्यार्थ्यांना लोकांनी एकच नाव दिलं.

पण हुकूम निघाला म्हणून गावं बदलली का?

म्हैसुरात या प्रश्नाला एक शब्द चिकटलेला आहे : ‘बूसा’. आपला भुसाच, गुराढोरांपुढं टाकायचा. १९७३ च्या नोव्हेंबरात, राज्याचं नाव कर्नाटक होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, मंत्री बी. बसवलिंगप्पा म्हैसूरच्या एका सभेत म्हणाले की कन्नड साहित्यातलं बरंचसं बूसा आहे. ते स्वतः दलित समाजातले. ज्या पुस्तकांत आपल्या माणसाचं जगणंच नाही ती पुस्तकं आपली कशी, हा त्यांचा सवाल होता. राज्यभर दंगे झाले, दलित विद्यार्थ्यांना मार बसला, बसवलिंगप्पांचं मंत्रिपद गेलं. पण त्या मारातूनच ‘दलित संघर्ष समिती’ उभी राहिली. मुंबईत दलित पँथर १९७२ मध्ये जन्मली होती. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ही त्याच वर्षीचा. घाट उतरला की भाषा बदलते, पण आच तीच.

या चळवळीतून आलेल्या देवनूर महादेवांची ‘कुसुमबाले’ ही छोटी कादंबरी मी म्हैसूरच्या एका दुकानात घेतली. माझं आजोळ गडहिंग्लज, त्यामुळं कन्नड कानावर होतं, थोडं वाचताही येतं. पण ही भाषा छापील नव्हे. नंजनगूड भागातल्या वस्तीची बोली. १९९० साली साहित्य अकादमीनं तिला पुरस्कार दिला. दोन पानं वाचायला मला तास लागला, आणि त्या तासात कळलं की भुशाला दिलेलं खरं उत्तर हे आहे.

शेवटच्या दिवशी नंजनगूडची बस पकडली आणि पुढं बदनवाळूला गेले. गांधीजींच्या काळातल्या खादीच्या कामामुळं या गावाचं नाव झालं. आणि १९९३ साली देवळात प्रवेशाच्या वादातून इथं तीन दलितांचा खून झाला. मिलरच्या अहवालापासून बदनवाळू मोटारीनं तासाभराच्या अंतरावर आहे. सालांनी मोजलं तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या.

खादी केंद्रापाशी एक अज्जी बसल्या होत्या. माझ्या मोडक्या कन्नडवर त्या हसल्या, म्हणाल्या, “यावूरम्मा निंदु?” कुठली गं तू? मी कोल्हापूर म्हटलं. त्यांनी मान हलवली, महालक्ष्मीचं नाव घेतलं. रस्ता कुठं आहे विचारल्यावर कुठला रस्ता हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी हातानंच दाखवलं.

त्या खुनांनंतर लिंगायत वस्ती आणि दलित वस्ती यांना जोडणारी वाट बंद झाली होती. २ ऑक्टोबर २०२२ रोजी भारत जोडो यात्रा इथं आली तेव्हा ती वाट पुन्हा बांधून खुली झाली. दोन्ही वस्त्यांतल्या लोकांनी मिळून फरशा रंगवल्या होत्या. एकोणतीस वर्षं बंद असलेली ही वाट चालायला मला जेमतेम काही मिनिटं लागली.

चालताना मी कागदावरच्या तारखा आठवत होते. हुकूम लिहायला एक दिवस पुरतो. तो मागायला एक पिढी लागते. आणि तो या टोकाच्या घरापासून त्या टोकाच्या घरापर्यंत पोचायला किती, ते अजून मोजून व्हायचंय. शाळेतून सुटलेल्या दोन मुली माझ्या पुढं चालल्या होत्या, एकाच छत्रीत, उन्हासाठी धरलेल्या. त्या कुठल्या वस्तीतल्या हे मी विचारलं नाही. वाटेच्या टोकाला पोचल्यावर त्या वळल्या, आणि आल्या वाटेनंच पुन्हा परत निघाल्या. बहुधा एकीनं दुसरीला पोचवायला आणि दुसरीनं पहिलीला पोचवायला, असं त्यांचं रोजचंच चालत असावं.