कानापुरता आवाज

दोन खोल्यांच्या संसारात प्रत्येकाला आपली अशी खोली मिळत नाही. मग घरातली माणसे जागा आपसांत वाटून घेतात. खिडकीजवळची खुर्ची आजोबांची, देवघरासमोरचा पाट सासूबाईंचा, स्वयंपाकघरातला ओट्याशेजारचा कोपरा परीक्षेला बसलेल्या मुलीचा. ही वाटणी सहज होते आणि वर्षानुवर्षे टिकते. आवाजाची वाटणी मात्र करता येत नाही. एकाने लावलेल्या बातम्या सर्वांना ऐकाव्या लागतात आणि एकाचे फोनवरचे बोलणे सर्वांच्या कानी पडते. म्हणूनच हेडफोन ही आता तरुण मुलांची चैन राहिलेली नाही. लहान घरातल्या कितीतरी माणसांना मिळालेले ते एकमेव बंद दार आहे.

पूर्वी या दाराची गरज फारशी भासत नसे. फळीवरचा रेडिओ सर्वांचा असे. १९८७-८८ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की शेजारपाजारची मंडळीही टीव्हीसमोर येऊन बसत. त्या पेटीतून येणारा आवाज सर्वांसाठीच असे, त्यात कुणाचे गुपित नसे. लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत कचेरी, शाळा आणि दवाखाना ही तिन्ही ठिकाणे त्याच्या पडद्यावर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला कसा द्यावा, याच्या मार्गदर्शक सूचना देशात लागू झाल्या. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. टाळेबंदी संपली, पण यातले बरेचसे घरात राहिले ते राहिलेच.

आता एखाद्या घरातल्या सुनेचा विचार करावा. काही महिने अंगावर काढलेले दुखणे अखेर ती डॉक्टरीणबाईंना सांगते आहे. घरात सासरे पेपर वाचत आहेत, दीर कामावर निघाला आहे, धाकटे मूल पळापळी करते आहे. ती कोपऱ्यात बसून, हेडफोन लावून, हलक्या आवाजात ‘हो’, ‘नाही’ एवढीच उत्तरे देते. विचारणारा प्रश्न फक्त तिच्या कानात आहे, म्हणूनच तिला उत्तर देण्याचे धैर्य होते. इतक्यात मुलाचा पाय वायरीत अडकतो, पिन निघते आणि डॉक्टरीणबाईंचा पुढचा प्रश्न साऱ्या घराला ऐकू जातो. कुणी काही बोलत नाही. सासरे पेपर उलटतात, दीर चपला शोधू लागतो. पण पुढच्या वेळी ती बाई डॉक्टरांशी बोलायला बसेल का? दुखणे पुन्हा अंगावर काढले जाण्याचा धोका असतो तो इथेच.

वायर निघाली की आवाज बाहेर का फुटतो, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या ट्रान्झिस्टरच्या छिद्रात एक लहानशी स्प्रिंगची पट्टी असे. पिन आत शिरली की ती पट्टी बाजूला सरे आणि स्पीकरकडे जाणारा प्रवाह तुटे. पिन काढली की पट्टी पुन्हा जागेवर येई आणि स्पीकर बोलू लागे. आजच्या लॅपटॉपमध्ये ही पट्टी बहुधा नुसती वर्दी देते. ‘पिन आली’, ‘पिन गेली’ एवढे ती कळवते आणि आवाज कुठे पाठवायचा ते आतली यंत्रणा ठरवते. पिन गेली म्हणजे मालकाला आता स्पीकर हवा, असा तिचा सरळ हिशेब असतो. वायर मुद्दाम काढली की कुणाच्या पायात अडकली, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. बिनवायरीच्या हेडफोनचीही तीच गत. त्याची बॅटरी संपली की चालू असलेला आवाज बहुधा स्पीकरवर येतो.

मोबाइल फोन या बाबतीत थोडे समजूतदार निघाले. अँड्रॉइड फोनमध्ये हेडफोन निघताच ‘आता गलका होणार’ अशा अर्थाचा एक इशारा आतल्या आत दिला जातो आणि चांगली ॲप गाणे जागच्या जागी थांबवतात. लॅपटॉपवर असा समंजसपणा नेहमी असतोच असे नाही. चालू असलेले बोलणे तर तो थांबवत नाहीच.

तेव्हा घराची शांतता वायरीच्या भरवशावर सोडू नये. उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी हेडफोन काढून ठेवावा. मग स्पीकरचा आवाज पूर्ण बंद करावा, म्हणजे म्यूट करावा. त्यानंतर हेडफोन लावून त्याचा आवाज हवा तेवढा ठेवावा. ॲपलच्या लॅपटॉपमध्ये आणि विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्पीकर आणि हेडफोन यांचा आवाज वेगवेगळा लक्षात ठेवला जातो. त्यामुळे पुढे वायर निघाली तरी स्पीकर मुकाच राहतो. आपल्या यंत्रात तसे होते की नाही, हे एखादे गाणे लावून आणि पिन उपसून आधीच पाहावे. महत्त्वाच्या बोलण्याच्या वेळी परीक्षा घेऊ नये.

काही लॅपटॉपमध्ये स्पीकर आणि हेडफोन ही दोन वेगळी साधने म्हणून दिसतात, तिथे आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन एकट्या स्पीकरला बंद करता येते. जिथे दोन्ही एकाच नावाखाली असतात तिथे मात्र हा प्रयोग करू नये, कारण स्पीकरबरोबर हेडफोनही गप्प होतो. बिनवायरीचा हेडफोन वापरणाऱ्यांसाठी एक घरगुती युक्ती आहे. खराब झालेल्या इअरफोनची पिन कापून ती लॅपटॉपच्या छिद्रात बसवून ठेवायची. यंत्राला वाटते की हेडफोन लावलेला आहे. मग बॅटरी संपली तरी आवाज त्या निरुपयोगी पिनेत जातो, स्पीकरवर येत नाही. ही युक्तीही आधी करून पाहिलेली बरी.

गंमत अशी की ही पिन मुळातच दोन माणसांच्या खासगी बोलण्यासाठी जन्माला आली. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर अशाच, पण जाड पिना छिद्रांत बसवून एकाची तार दुसऱ्याला जोडून देत. जोडणाऱ्याला ते बोलणे ऐकू येऊ शकत असे, पण ऐकलेले पोटात ठेवणे हा त्या कामाचा धर्म मानला जाई.

कानापुरत्या आवाजाची दुसरी बाजूही आहे. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. त्याला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत मंद होई आणि दोघे ऐकणारे हेडफोन न काढता एकमेकांशी बोलू शकत. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात याचे कारण सांगितले आहे. ते घरी एकटेच ऐकत बसले तेव्हा त्यांच्या पत्नीला आपल्याला वगळल्यासारखे वाटले आणि ती नाराज झाली. बाजारात मात्र लोकांना स्वतःचा वेगळा वॉकमनच हवा होता. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेले.

बटण गेले तरी त्याची गरज गेलेली नाही. दिवसभर कानात बोळे घालून बसलेल्या मुलाला आजी तीनदा हाक मारते आणि मग ‘याला आमची काही पडलेली नाही’ असे मनाशी ठरवते. कामापुरता हेडफोन लावावा, काम झाले की तो गळ्यात उतरावा, एवढे पुरे असते. आवाजही बेताचा असावा. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. बाहेर टीव्ही मोठ्याने चालू असला की कानातला आवाज चढवला जातो. तेव्हा टीव्ही थोडा हळू करणे हा घरच्यांचा वाटा.

जुन्या वाड्यांत भिंती पातळ आणि माणसे पुष्कळ असत. तरी माजघरात येण्याआधी थोरली माणसे दाराबाहेर खाकरत. आतल्या बायकांना बोलणे आवरायला तेवढा अवधी मिळे. आणि चुकून काही कानावर पडलेच, तर ते न ऐकल्यासारखे करण्याची रीत होती. स्पीकर म्यूट करायला लॅपटॉप शिकवता येतो. ही रीत मात्र घरातल्या माणसांनीच मुलांना शिकवायची असते.