डीपीतली जाड तार

मार्च-एप्रिलच्या उन्हात वरूड-मोर्शीच्या संत्र्याला पाण्याचा खाडा चालत नाही, आणि नेमका तेव्हाच डीपीवरचा (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज सारखा उडतो. लाईनमन दुसऱ्या गावी, लाईनची पाळी संपत आलेली. ‘जाड तार टाक ना गा, काय होते!’ असं कुणीतरी म्हणतं आणि फ्यूजच्या किटकॅटमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेची पेळ बसते. अकोल्याच्या शिवारातही हेच चालतं. फ्यूज मग उडत नाही, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

उडणं हेच फ्यूजचं काम. एडिसनने १८८० साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं ते वायर जळण्याआधी मुद्दाम ठेवलेली कमकुवत जागा वितळावी म्हणून. पुढे प्रीस या ब्रिटिश अभियंत्याने तारेची जाडी आणि वितळवणारा प्रवाह यांचं सूत्र मांडलं. त्याप्रमाणे व्यास दुप्पट झाला की हा प्रवाह दुप्पट होत नाही, २.८ पट होतो. ६३ केव्हीएच्या डीपीतून पूर्ण लोडवर प्रत्येक फेजला सुमारे ८४ अँपिअर जातात. अडीच मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पेळ याच सूत्राने वितळते ती २०० अँपिअरच्या पुढे. तोवर आतलं तेल तापतं, वाइंडिंगचं इन्सुलेशन करपतं.

एवढा प्रवाह येतो कुठून? पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर चालताना साधारण सात-साडेसात अँपिअर घेते; थेट सुरू करताना मात्र काही क्षण त्याच्या सहापट. शेतकरी एकामागून एक मोटर लावत असेल तर डीपी हे सहज सोसते. पण स्टार्टरला ‘ऑटो’ लावले असतील तर लाईन येताक्षणी सगळ्या मोटरा एकदम उठतात. दहा मोटरा म्हणजे चारशेच्या वर अँपिअर! ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वारंवार सांगतं. रात्रीच्या लाईनसाठी अंधारात शेतात जायचं नसतं म्हणून ऑटो लावला जातो. ही अडचण खरी आहे. म्हणूनच दिवसा वीज देणं हाही डीपी वाचवण्याचाच उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे.

फ्यूज शाबूत असला तरी मोटर वाचेलच असं नाही. एक फेज गेली की चालत्या मोटरच्या उरलेल्या दोन तारांवर सुमारे पावणेदोनपट भार पडतो. हा भार फ्यूज बराच वेळ सोसतो. तो ओळखायचा असतो स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेने. त्याची पट्टी तापून वाकते आणि मोटर बंद पडते. पण ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून रिलेची चकती शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेली असते, कधी रिलेच बायपास केलेला असतो. खोल बोअरमधली सबमर्सिबल जळाली की सगळा पाइप वर ओढावा लागतो. त्या खर्चापुढे सिंगल-फेजिंग प्रिव्हेंटरची किंमत काहीच नाही.

अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीजकेंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. वीज अशी जवळच तयार होत असूनही शेवटच्या खांबावर ती अडते, आणि एक डीपी जळाली की तिच्यावरच्या सगळ्याच बागा वाळतात.

शेतकरी बांधवांनो, हंगामाआधी रिलेचा आकडा मोटरच्या पाटीशी जुळवून घ्या. फ्यूज वारंवार उडत असेल तर लोड जास्त आहे किंवा कुठेतरी फॉल्ट आहे. तेव्हा डीपीला स्वतः हात लावू नका. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि फ्यूजमध्ये योग्य मापाचीच तार टाकण्याचा आग्रह धरा.