कोपऱ्यातली मादी

चि. मृण्मयी,


निवारा केंद्रातल्या बिबट्यांबद्दल तू भरभरून लिहिलंस. कोपऱ्यातली म्हातारी मादी काही त्रास देत नाही, दिवसभर शांत पडून असते, असंही लिहिलंस. मला काळजी वाटते ती तिचीच.

जुन्नर-संगमनेरच्या उसात बिबट्या वस्तीला खेटून राहतो आणि सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. माणूस जवळ आला की तो निसटतो. निसटता येत नसेल तेव्हा जमिनीला चिकटतो. पोट टेकलेलं, मान खांद्यांत ओढलेली, भर उन्हातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. हा निवांतपणा नव्हे, हे भय आहे. निवांत बिबट्या कुशीवर पडतो, पाय सैल सोडतो, स्वतःला चाटत बसतो. तू पुढे गेलीस की ते चाटणं थांबतं का, एवढं आधी बघ. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने सांगून ठेवलंय, की माणूस किती जवळ आला म्हणजे पळायचं, याचं प्रत्येक जनावराचं अंतर ठरलेलं असतं. पिंजरा त्याहून लहान असला, तर ते बिचारं सतत त्या हद्दीच्या आत जगतं.

तू लिहिलंस त्या फेऱ्या घालणाऱ्या नराबद्दल घाईने काही ठरवू नकोस. रानात ज्यांचा वावर मोठा, ते मांसभक्षक कैदेत जास्त फेऱ्या घालतात, असं क्लब आणि मेसन यांनी 2003 मध्ये दाखवलं. पण जुनी सवय जागा सुधारल्यावरही सुटत नाही, आणि मांस यायच्या वेळी तर फेऱ्या वाढतातच. म्हणून नोंदवहीत ‘चिडलेला’ लिहू नकोस. वेळ लिही, आधी काय घडलं ते लिही.

कान मात्र रोज बघ. डोक्याला सपाट चिकटले तर तो घाबरलाय. वळून त्यांच्यामागचे पांढरे ठिपके समोरून दिसू लागले तर तो धमकावतोय, मागे हो. ओठ वर करून तोंड वेडंवाकडं केलं तर तो रागावलेला नसतो, कुणाच्या तरी मुताचा वास टाळूकडे घेत असतो. वाघ ओळखीच्या माणसाला बघून फुरफुरतो, बिबट्या नाही. तशा फुरफुरण्याची वाट बघू नकोस.

त्या मादीसाठी उंचावर फळी आणि तिच्यापुढे आडोसा मागून घे. ती दिसेनाशी झाली तरी चालेल. केंद्राचे साहेब नको म्हणाले तर कळव, मी त्यांना स्वतः लिहीन.

तुझी,
मावशी