चार सिलिंडर, तीन तोंडं

इंजिनातला जळका वायू नुसता बाहेर ढकलला जातो असं नाही, तो ओढूनही काढता येतो! आणि ओढायला पंखा लागत नाही, पंप लागत नाही. नीट लांबीचा, नीट वाकवलेला, नीट जोडलेला पाइप पुरतो. ही गोष्ट मला कळली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करायचा डबा आणि त्याच्या आधीचा पाइप म्हणजे धुराचं गटार, एवढीच माझी समज होती. त्या गटाराला हेडर म्हणतात, त्याच्या लांबीरुंदीचं एक शास्त्र आहे, आणि ते शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये, तेलकट बाकावर बसून, खडूनं फरशीवर काढून शिकता येतं!

निमित्त झालं आमच्या एमजीएचं. बेळगावच्या मामांची ही दोन सीटांची गाडी आता आमच्याकडे कोल्हापूरला असते. एमजीए इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात तयार झाली. एकूण लाखाहून थोड्या जास्त गाड्या, त्यातल्या बहुतेक परदेशी गेलेल्या, सर्वात जास्त अमेरिकेला. आमची सुरुवातीच्या काळातली, १४८९ सीसीची. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक आवाज यायचा आणि गरम झालं की कमी व्हायचा. उद्यमनगरातल्या त्या शेडच्या मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडायच्या आधी कानानंच निदान केलं: मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या भागाला, तडा. बिडाला इतक्या वर्षांच्या तापण्या-निवण्यानंतर तो जायचाच. लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज दबतो.

बॉनेट उघडल्यावर मात्र ते हसायलाच लागले. "ताई, ही तर अँबॅसॅडर की ओ!"

मला वाटलं गंमत करताहेत. पण खरंच! बीएमसी कंपनीचं बी-सिरीज नावाचं इंजिन एकीकडे या देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलं आणि दुसरीकडे, त्याच १४८९ सीसीचं, उत्तरपाड्याच्या अँबॅसॅडरमध्ये. एका घरची दोन भावंडं. एकानं जुळे एसयू कार्ब्युरेटर लावून शर्यती केल्या, दुसऱ्यानं कलेक्टरांपासून वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना वाहून नेलं. ज्या हातांनी हयातभर अँबॅसॅडरचे हेड उतरवले, त्या हातांना एमजीए परकी नव्हतीच. शेडच्या कोपऱ्यात अँबॅसॅडरचा एक भंगार हेड पडला होता. तो त्यांनी बाकावर ठेवला आणि म्हणाले, "तोंडं मोजा."

सिलिंडर चार. धूर बाहेर जायची तोंडं तीन! कडेच्या दोन सिलिंडरना, एक आणि चारला, स्वतंत्र तोंड. मधल्या दोघांना, दोन आणि तीनला, मिळून एकच. मला ही काटकसर वाटली. काटकसर असेलही, पण आता गंमत बघा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, दर १८० अंशांनी एक सिलिंडर पेटतो. तीन पेटल्यावर दोन कधी? बरोबर ३६० अंशांनी. एक पेटल्यावर चार? तेही बरोबर ३६० अंशांनी! म्हणजे मधल्या सामाईक तोंडातून जाणारे दोघे कधीच एकमेकांच्या पायात येत नाहीत, आणि कडेचे दोन पाइप पुढे एकत्र आणले तर त्यांचंही तसंच. फरशीवर खडूनं हे चार आकडे मांडले तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली.

आता ओढ येते कुठून? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपातून सुसाट निघते. साध्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; त्या तापलेल्या वायूत ही लाट ५०० मीटरहून जास्त वेगानं पळते, प्रत्यक्ष धूर तिच्या मागून बराच सावकाश येतो. रंकाळ्याच्या भिंतीवर आदळलेली लाट परत फिरते, तशी हीसुद्धा पाइप जिथे मोठ्या जागेत उघडतो तिथून परत फिरते. पण परतताना उलटी होऊन. जाताना दाबाची होती, येताना ओढीची येते! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला, असा एक निसटता क्षण असतो. ती परतीची लाट नेमकी तेव्हा पोचली, तर उरलासुरला धूर खेचला जातो आणि ताजं मिश्रण पिस्टननं हाक मारायच्या आधीच आत येऊ लागतं. ४००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात २४ अंश फिरतो आणि तेवढ्यात लाट अर्ध्या मीटरहून थोडी पुढे जाते. म्हणजे पाइपची लांबी हातभर बदलली, तरी भेटीची वेळ बदलते. लांब पाइप कमी आरपीएमला साथ देतो, आखूड पाइप वरच्या आरपीएमला. मग गाडी कुठे चालवायची आहे ते आधी ठरवायचं आणि पाइप नंतर!

आमच्यापुढे तीन रस्ते होते. तडा वेल्ड करणं हा पहिला: बीड हळूहळू तापवायचं, निकेलच्या रॉडनं भरायचं आणि राखेत गाडून सावकाश निववायचं. दुसरा ऐकून मी उडालेच: नवीन ओतून घेणं! आपण कोल्हापुरात आहोत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या देशभरच्या गाड्यांसाठी बिडाचे भाग ओततात. त्यांना एका मॅनिफोल्डचं काय अप्रूप? पण लाकडी पॅटर्न, आतल्या पोकळ्यांचे कोअर हा खर्च एका नगासाठी परवडत नाही. चार-सहा मालक एकत्र आले तर जरूर करावं, मी आनंदानं वर्गणी देईन. तिसरा रस्ता हेडर, आणि माझं मन केव्हाच तिकडे गेलं होतं.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. या गाडीचा मूळ बिडाचा मॅनिफोल्ड काही वाईट नाही. तीन वेगळ्या शाखा खाली उतरून एकत्र येतात. हेडर लावला की घोडे दुप्पट होतात असं सांगणाऱ्याकडे लक्षच देऊ नये. मिळतं ते थोडं, पण जिथे हवं तिथे मिळवता येतं, हीच तर त्यातली जादू.

चार पाइप थेट एकात की दोन-दोनच्या जोड्या करून मग एकात, हा हेडरमधला कायमचा वाद. पहिला प्रकार वरच्या टोकाला जोर देतो, दुसरा मधल्या पट्ट्यात पसरून देतो. बी-सिरीजनं मात्र हा निर्णय निम्मा आधीच घेऊन ठेवलाय: मधली जोडी हेडच्या आतच झालेली आहे! म्हणून कडेचे दोन पाइप खाली आणून एकत्र करायचे, मधला एकटाच लांब खाली न्यायचा, आणि मग दोघांची गाठ घालायची. याच रचनेला 'लाँग सेंटर ब्रँच' म्हणतात. बीएमसीच्याच लहान ए-सिरीज इंजिनाच्या मिनीवर ती फार गाजली. आम्हाला पन्हाळ्याचा चढ, आंबोलीचा घाट, राधानगरीचा वळणावळणाचा रस्ता. २५०० ते ४५०० आरपीएममध्ये गाडीनं मन लावून ओढावं, एवढंच मागणं. ठरलं तर मग!

व्यासाबद्दल काकांचं मत ऐकण्यासारखं होतं. "मोठा पाइप घातला की पॉवर येती म्हणत्यात सगळी. आवाज येतोय, पॉवर न्हाई." पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वायूचा वेग पडतो आणि खालचा जोर जातो. आम्ही कडेचे दीड इंची घेतले आणि दोन सिलिंडरचा भार वाहणारा मधला किंचित मोठा.

धातूवर मी सगळ्यात जास्त खल केला. एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, स्वस्त, वाकवायला सोपा, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंजणार. आणि त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर ती ओल धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत खाऊन टाकते. मी ती पट्टी कुणालाही सुचवणार नाही. ३०४ स्टेनलेस गंजत नाही, उष्णता कमी वाहून नेतो म्हणून वायू गरम, वेगवान राहतो. पण तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट फुगतो. त्याला फुगायला जागा ठेवली नाही तर तो सांध्यात फाटतो. तरीही आम्ही स्टेनलेसच घेतला, आणि गाठीच्या जागी वेल्डऐवजी सरकता सांधा ठेवला. वेल्डिंग आर्गॉनचं, आणि पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडून. नाहीतर आतल्या बाजूला जळकी, खरखरीत खपली धरते आणि वायू तिथेच अडखळतो. बाहेरून वेल्ड कितीही चकाकत असला तरी फॅब्रिकेटरला हे विचाराच!

आणि फ्लँज! या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, काही स्टड दोघांत मिळून. एकच जाड वॉशर अर्धा या फ्लँजवर, अर्धा त्या फ्लँजवर बसतो. हेडरची फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा पातळ असेल तर वॉशर तिरका बसतो आणि एक बाजू गळत राहते. तयार हेडर मागवणाऱ्यांनी सगळ्यात आधी ही जाडी मोजून घ्यावी. आमची फ्लँज शिरोलीत लेझरनं कापली. अँबॅसॅडरच्या त्या भंगार हेडवर पॅकिंग ठेवून पाहिलं, भोकं जुळली. मग फ्लँज त्याच हेडवर घट्ट आवळून वेल्डिंग केलं, म्हणजे उष्णतेनं पीळ पडणार नाही. शेवटी सरफेस ग्राइंडरवर एक हात. काय सपाट झाली होती! उजव्या हाताच्या ड्रायव्हिंगचाही फायदा मिळाला: एक्झॉस्ट डावीकडे, स्टिअरिंगचा दांडा उजवीकडे, पाइप फिरवायला मोकळी जागा.

सायलेन्सर मात्र पूर्ण ठेवला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो सक्तीचा आहे, आणि गल्लीतल्या लोकांनाही झोप लागते. शिवाय ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीसाठी २०२१ मध्ये जे नियम आले, त्यांत गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको, असं आहे. म्हणून बिडाचा मॅनिफोल्ड निकेलनं भरून, तेल लावून ठेवलाय. वाटेल तेव्हा परत बसवता येतो. अशा गाड्यांचा मूळ भाग भंगारात घालणं मला अपराधच वाटतो.

पन्हाळ्याच्या चढावर, जिथे आधी गिअर खाली टाकावा लागायचा, तिथे गाडी तिसऱ्यातच चढत गेली! आवाज मोठा झाला नाही; भरीव झाला, एकसारखा झाला. खाली आल्यावर, इंजिन निवल्यावर, काकांनी सगळे स्टड पुन्हा आवळले; नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं, हे करायलाच लागतं. मग प्लग काढले. पांढुरके. धूर नीट निघू लागला, हवा जास्त आत येऊ लागली, पेट्रोल मात्र जुन्याच मापानं. म्हणजे आता एसयूची सुई बदलून मिश्रण थोडं श्रीमंत करायचं.

आणि सुईच्या निमित्तानं मी इनटेकची तोंडं पाहिली. तिथे तर दोनच आहेत! एक-दोनला मिळून एक, तीन-चारला मिळून एक. मांडा फायरिंग ऑर्डर: दोन पेटल्यावर एक लगेच १८० अंशांनी, आणि मग पुढचे ५४० अंश शांतता. एक्झॉस्टला जे इतकं सुरेख जुळलं, ते इथे मुळीच जुळत नाही. शेजारी शेजाऱ्याच्या वाट्याचं मिश्रण पळवतो. इंग्लंडमधल्या इंजिनिअरांनी हे कसं निभावलं असेल? काका म्हणाले, रविवारी या, हेड कापून दाखवतो.