जुन्या लॅपटॉपची वही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आठवी पिढी आली २०१७मध्ये. त्याआधीचे जवळजवळ सगळे लॅपटॉप त्यामुळे यादीबाहेर गेले. त्यांतल्या कितीतरी लॅपटॉपना काहीही झालेले नाही. अशांवर लिनक्स टाकले की ते पुन्हा कामाला लागतात. टाकताना अडचणी येतात हे खरे, पण त्या ठरलेल्या जागीच येतात. त्या जागा इथे टिपून ठेवतो आहे.

*

लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघायचे, हार्ड डिस्कला हात लावायचा नाही. बघायच्या गोष्टी: वायफाय, आवाज, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, टचपॅड, कॅमेरा, आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का. शेवटची गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत आणि नंतर तीच रोज छळते.

*

इन्स्टॉल करताना दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर अडकत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. दर वेळी एकाच जागी अडकत असेल, तर पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावे. एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम विश्वासाची नाही. बदलण्याआधी मात्र पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसाव्यात आणि नीट बसवून पुन्हा तपासावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

*

डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवत असते. त्या नोंदीला स्मार्ट म्हणतात. तिच्यातले दोन आकडे बघायचे: बदललेले सेक्टर आणि वाचता न आल्याने अडून राहिलेले सेक्टर. दुसरा आकडा शून्याच्या वर असेल, तर बाकी सगळे सोडून आधी घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे काढून घ्यावीत. लिनक्स नंतर.

*

जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल, तर अडीच इंची साटा एसएसडी बसवावी. प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी यंत्र ओळखू येत नाही इतक्या फरकाने चालते.

*

कॉलेजात जाणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. विंडोजच होते त्यावर. म्हणाली, "काका, वायफाय लागतंय पण एकही साइट उघडत नाही. सगळीकडे सुरक्षित नाही असं येतं." कोपऱ्यातली तारीख पाहिली तर २०१०चा जानेवारी. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला एक सुरुवातीची तारीख असते. यंत्र स्वतःला २०१०मध्ये समजत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेले नसते, म्हणून ते नाकारते. व्हायरस नाही, वायफायचा दोष नाही. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला होता, तेवढेच. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही लॅपटॉपमध्ये तोच सेल प्लास्टिकच्या वेष्टनात दोन वायरी आणि इवलासा प्लग लावून येतो. तेव्हा आधी उघडून बघावे, मग विकत घ्यावा.

लिनक्स नेट मिळाले की वेळ स्वतःच जुळवून घेते. पण होस्टेलच्या नेटवर वेळ जुळवण्याची वाट बंद ठेवलेली असेल, तर हीच अडचण तिथेही येते.

*

घड्याळाचाच दुसरा प्रकार. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले, आणि लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते. आपला फरक ५ तास ३० मिनिटे, म्हणून नेमके साडेपाच तास. दोघांपैकी एकाची पद्धत बदलली की प्रश्न मिटतो. सेल बदलून काही होत नाही.

*

वायफाय. सगळ्यात जास्त माणसे इथेच हार मानतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिले काम चिप ओळखणे. लॅपटॉपच्या कंपनीचे नाव इथे उपयोगाचे नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या कार्डांचे लॅपटॉप विकले गेले आहेत. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा दिली, क्रमांक दाखवायला सांगितले, की चार-चार अक्षरांचे दोन गट दिसतात. पहिला गट कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८च्या त्यांच्या प्रोसेसरचाच आकडा), १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा गट नेमक्या चिपचा. शोध घ्यायचा तो या क्रमांकाने.

मग बघायचे की ड्रायव्हर नाही, की ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चढवावा लागणारा कंपनीचा बंद प्रोग्राम. तो मुक्त नसल्याने डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वर्षानुवर्षे नसे. २०२२मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून फर्मवेअर सोबत येऊ लागले. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचे मात्र अजूनही वेगळे उतरवून घ्यावे लागते.

नेटसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअरसाठी नेट हवे, हा पेच मोबाइल सोडवतो. यूएसबी केबलने मोबाइल जोडायचा, यूएसबी टेदरिंग सुरू करायचे. लिनक्सला ते साधे नेटवर्क कार्ड वाटते.

कार्ड दिसते, ड्रायव्हरही आहे, तरी वायफाय सुरूच होत नाही? आरएफकिल ही आज्ञा द्यावी. 'हार्ड ब्लॉक' असे आले, तर लॅपटॉपच्या कडेला बोटाने चाचपावे. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपना तिथे वायफायची छोटी सरकपट्टी असते.

राउटर शेजारी असूनही रेंज एकच कांडी, असे रिअलटेक ८७२३बीईच्या बाबतीत होते. काही लॅपटॉपमध्ये कार्डाच्या दोन जागांपैकी एकीलाच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसरी वापरत असतो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये अँटेनाचा क्रमांक बदलला की रेंज येते.

*

"हा ३२ बिटचा आहे" हे ऐकून लगेच मान्य करू नये. त्यावर विंडोज ३२ बिटचे होते, एवढाच त्याचा अर्थ असतो. कोअर २ ड्युओ सगळे ६४ बिटचे आहेत. खरेच ३२ बिटचा असेल, तर ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३चा इन्स्टॉलर त्यासाठी मिळत नाही. तिथे डेबियन १२ टाकावे.

*

सुरू होताना काळी स्क्रीन. सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत 'ई' दाबावे, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहावे आणि एफ१० दाबावे. चित्र आले, तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा आहे हे कळले. हा निदानाचा उपाय आहे. कायमचा ठेवला तर व्हिडिओ अडखळतो, म्हणून पुढे योग्य ड्रायव्हर टाकावाच.

*

यंत्र अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते. ड्रायव्हर शोधण्याआधी पंखा बघावा. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा कापसाच्या गादीसारखा थर बसलेला असतो. तो बोटाने किंवा चिमट्याने उचलून काढावा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी. हवा मारताना पंख्याचे पाते धरून ठेवावे.

टचपॅड वर उचलला गेला असेल, तर खालची बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवावे. तिला टोचू नये, दाबू नये.

*

२ जीबी रॅमवर लिनक्सला जड जात नाही, ब्राउझरला जाते. लुबुंटूसारखे हलके लिनक्स आणि रॅममधली माहिती दाबून ठेवणारे झेडरॅम यांनी बराच फरक पडतो. तरीही दहा टॅब आणि व्हिडिओ मीटिंग एकदम चालणार नाही, हे घेणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे. लिहिणे, वाचणे, हिशेब, एकेक व्हिडिओ पाहणे, प्रोग्रामिंग शिकणे: एवढे नक्की.

*

मराठी लिहिता आल्याशिवाय मी लॅपटॉप कोणाच्या हातात देत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडावे आणि 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'पुढाऱ्यांना' असे शब्द टाइप करून बघावेत. नुक्त्याचा ऱ शिफ्ट-जे वर आहे, त्यापुढे डी वरचा हलन्त आणि मग य. हे शब्द नीट उमटले तर फॉन्ट ठीक आहे.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून मिळतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशीच ते दाखवून द्यावेत.

*

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी स्क्रीनवरच्या संदेशाचा मोबाइलने फोटो काढायचा. काय बदलले आणि काय झाले, ते तारखेसह लिहायचे. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर ते कशाने सुरू झाले हे कळत नाही, आणि पुढच्या माणसाला सांगण्यासारखे हातात काही उरत नाही.

*

माळ्यावर जुना लॅपटॉप पडला असेल, तर भंगारात देण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या. चालू झाला तर ओळखीतल्या, लॅपटॉप नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला देऊन टाका, आणि त्याच्याबरोबर तुमच्या नोंदींचा कागदही द्या. खरोखरच चालण्यासारखा नसेल, तर त्याची रॅम आणि चार्जर ठेवून घ्या, ते दुसऱ्या लॅपटॉपला उपयोगी पडतील. उरलेले बॅटरीसकट ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच नेऊन द्या.