उसवलेली गादी

आमच्या अमरावतीच्या घरी पिंजारीचाचा यायचे ते पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आधी. आई आदल्या रात्रीच गादी उसवून ठेवायची. पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट धुवायला पडायचा आणि वर्षभर आमच्या अंगाखाली दबून गोळे झालेला कापूस ओसरीवर उघडा पडायचा. चाचा धनुकलीच्या तातेवर लाकडी मुठीचा ठोका मारायचे. त्या घुमणाऱ्या आवाजाबरोबर गोळे सुटत आणि बघता बघता कापसाचा ढीग कमरेएवढा होई. पिंजल्यावर कापूस वजनाला थोडा कमीच भरायचा, धूळ आणि कूट झडून गेलेलं असायचं. तेवढा नवा कापूस आई त्यात घालायची. मग दाभण, जाड दोरा, ओळीने टाके. आईच्या लग्नातली ती गादी. तिच्यात लग्नातला कापूस नेमका किती उरला होता, कुणास ठाऊक. पण घरात कुणी तिला नवी म्हटलं नाही.

पुढे शिकायला पुण्यात आले, नोकरी लागली, संसार झाला. २००९ साली आम्ही स्प्रिंगची गादी घेतली. चारी बाजूंनी घट्ट शिवलेली, आत काय आहे ते दिसणार नाही अशी. दहा-बारा वर्षांत ती मधोमध खचली. सकाळी उठताना कंबर धरायची. दुकानात विचारलं तर उत्तर एकच: नवी घ्या.

एका रविवारी मी कात्री घेतली आणि कडेची शिवण उसवली. खाली स्प्रिंगा ताठ होत्या, एकही वाकलेली नव्हती. त्यांच्यावरचं नमद्यासारखं जाड कापडही धड होतं. मेला होता तो फक्त वरचा फोम. पिवळा पडलेला, कडेला दोन इंच आणि आम्ही निजायचो तिथे जेमतेम एक. एवढ्यासाठी मी अख्खी गादी टाकायला निघाले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

फोमच्या जागी लेटेक्स घालायचं ठरवलं. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. केरळात कोट्टायमच्या बाजूला त्याचे मळेच्या मळे आहेत. चीक घुसळून त्यात हवा भरायची, फेस साच्यात ओतायचा आणि गंधकाच्या संगतीने तापवून पक्का करायचा. ही डनलॉप पद्धत १९२९ पासूनची. साच्यातल्या खिळ्यांमुळे थरभर भोकं राहतात. मी दोन थर आणले: खाली टणक, वर मऊ. दोन इंचांचा एक थर उचलताना दोघं लागलो, कारण तो दहा किलोंच्या वर भरतो आणि हातात धरला की लोंबतो.

सवयीने मी ते थर गच्चीवर ऊन दाखवायला न्यायला निघाले. आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या काकांनी अडवलं. कापसाला ऊन लागतं, लेटेक्सला ते सोसत नाही. उन्हात ते कडक होतं आणि पुढे भुगा पडतो. थर डिंकाने चिकटवून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. कापडाच्या खोळीत एकावर एक नुसते ठेवले की ते हलत नाहीत, आणि उद्या वरचा थर दबला तर तेवढाच बदलता येतो. खोळ काकांनीच शिवली, तीन बाजूंनी चेन लावून. कंबर धरायची थांबली त्याला आता तीन वर्षं झाली.

तुमची गादी मधे खचली असेल, तर टाकण्याआधी तिची एक बाजू उसवून बघा. एवढं कराच.

आई गेल्यावर तिची गादी मी पुण्याला आणली. काकांकडे धनुकली नाही, पिंजायचं मशीन आहे. परवा ती त्यांच्याकडे टाकली. कापूस साडेआठ किलो भरला, दीड किलो नवा घालायचा आहे.