बँकेशेजारचा दवाखाना

संशोधकाच्या चुका छापल्या जातात, त्यामुळे त्या लपवणं अवघड असतं. माझी सगळ्यांत महागात पडलेली चूक मात्र कुठेच छापून आली नाही. ती एका सरकारी बैठकीत वाटलेल्या टिपणात होती. अशी टिपणं छापील लेखांपेक्षा जास्त वाचली जातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

विषय होता दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांतले भारतीय डॉक्टर. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचे जनक अन्यूरिन बेव्हन याच भागातले, ट्रेडेगरचे, पोरवयात खाणीत उतरलेले. पण सेवा सगळ्यांची झाली म्हणून डॉक्टर सगळीकडे जायला तयार झाले असं नाही. जिथे आजार जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि बाजाराला मोकळं रान मिळालं की ही तफावत आणखी वाढते, असं ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. ते स्वतः ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवत. त्यांना हे शोधायला लांब जावं लागलं नाही. स्थानिक डॉक्टरांना नकोशा असलेल्या अशा कितीतरी जागा साठ-सत्तरच्या दशकांत भारत-पाकिस्तानातून आलेल्यांनी भरल्या. हौसेने आलेले थोडे. बाकीच्यांना मोठ्या रुग्णालयांतल्या वरच्या जागांची दारं बंद होती, म्हणून ते इकडे वळले.

ही बंद दारं हा माझा आवडता विषय. १९९३ साली अनीझ एस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी रुग्णालयांतल्या जागांसाठी सारख्याच पात्रतेचे खोटे अर्ज पाठवले, काही इंग्रजी नावांनी, काही आशियाई. इंग्रजी नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दुप्पट निघाली. प्रयोग पुरा होण्याआधी पोलिसांनी या दोघांनाच फसवणुकीच्या संशयावरून पकडलं होतं! मी या प्रयोगाने इतकी भारावले होते की खोऱ्यांत गेले ती उत्तरं खिशात घेऊनच. प्रश्नावली अशी की समोरच्याने फक्त हो म्हणायचं. तुम्हाला डावललं गेलं का? वाईट वाटलं का? आता नोकरीला लागलेल्या एखाद्या पोराने माझ्यापुढे असली प्रश्नावली ठेवली तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

त्यातच काका भेटले. मिरजेच्या सरकारी कॉलेजातून डॉक्टर झालेले, सत्तरच्या दशकात आलेले, एकट्याने दवाखाना चालवणारे. काउंटर काकू सांभाळायच्या. डावलण्याबद्दल विचारलं की काका म्हणायचे, “झालं असेल गं. त्यात काय आता?” आणि कपाटातून पाकिटं काढायचे. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी छोट्याशा जाड पाकिटांत असत, आत कार्डांची चवड. काकांच्या कार्डांवर औषधांपेक्षा भलतंच काही जास्त लिहिलेलं होतं: कोळशाच्या कोणत्या थरात काम केलं, किती वर्षं, घराच्या कोणत्या भिंतीला ओल, ऑक्सिजनचा सिलिंडर जिन्यावरून कोण चढवतं. ब्रिटिश कोल या सरकारी कोळसा कंपनीने कामगारांच्या फुप्फुसांची काळजी घेतली नाही, असा निवाडा १९९८ साली न्यायालयाने दिला आणि नुकसानभरपाईची मोठी योजना आली. तेव्हा ही कार्डं मागायला माणसं दाराशी यायची, कुणाची विधवा, कुणाचा मुलगा. काका एकेक कार्ड वाचून त्या घराची गोष्ट सांगत. हे घर डोंगरावरच्या कौन्सिलच्या वस्तीतलं, तेही तिथलंच, पुढचंही.

मी टेपरेकॉर्डर बंद केला होता. विषयाला सोडून आहे म्हणून, आणि कॅसेट वाचवायची म्हणून.

२००४ पासून जीपींना, म्हणजे काकांसारख्या दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना, कामाच्या दर्जावर गुण आणि गुणांवर पैसे मिळू लागले, आणि प्रत्येक दवाखान्याचे आकडे उघडे झाले. आकडे दिसले की संशोधकाचा हात थांबत नाही. मी छातीच्या विकारांनी तातडीने रुग्णालयात भरती होणाऱ्यांचं प्रमाण दवाखान्यांनुसार मांडलं. गरिबी वजा केली, म्हणजे केली असं मला वाटलं. तरीही परदेशी पदवी असलेल्या, एकट्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत भरत्या जास्तच दिसत होत्या. माझ्या मनातला निष्कर्ष असा की यंत्रणेने या डॉक्टरांना एकटं पाडलं, मदतनीस दिले नाहीत, म्हणून रुग्णांचे हाल झाले. हे मी टिपणाच्या शेवटच्या पानावर लिहिलंही. बैठकीतला माणूस पहिलं पान वाचतो. पहिल्या पानावर तक्ता होता आणि तक्त्याच्या एका रकान्यात ‘परदेशी पदवी’ असे दोन शब्द.

काही महिन्यांत तपासणीसाठी दवाखाने निवडण्याच्या निकषांत ते दोन शब्द जाऊन बसले. काकांच्या दवाखान्यात तपासनीस आले. मग पुन्हा आले. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं की हल्ली यांना झोप लागत नाही. त्यामागचं टिपण माझं आहे, हे मी तेव्हा सांगितलं नाही. संशोधन गोपनीय असतं, असं स्वतःला समजावलं. ते टिपण इतकं गोपनीय होतं की सगळ्या खात्याकडे त्याची प्रत होती.

शेवटी मीच तो कागद घेऊन गेले. काकांनी चष्मा लावला, सगळं वाचलं, शेवटचं पानसुद्धा. मग विचारलं, “गरिबी कशी मोजलीस?” मी सांगितलं, वेल्समध्ये साधारण दीड हजार वस्तीचे छोटे छोटे विभाग पाडलेत, प्रत्येकाचा गरिबीचा क्रमांक असतो, दवाखान्याच्या पत्त्यावरून तो लावला.

“अगं, माझा दवाखाना बँकेच्या शेजारी आहे,” काका म्हणाले. “माझे पेशंट काय बँकेत राहतात?”

दवाखाना खाली मुख्य रस्त्यावर, जिथे दुकानं आणि त्यातल्या त्यात बरी घरं. रुग्ण वर, वस्तीत. खोऱ्यात हे अंतर नकाशावर बोटाच्या पेराइतकं असतं, आणि तेवढ्यात गरिबीचा क्रमांक तळाशी जातो. शहरी गट-दवाखान्यांना या चुकीचा फटका कमी बसला होता, कारण त्यांचे रुग्ण आसपासच राहत. म्हणजे माझी मोजपट्टी नेमकी ज्यांच्यासाठी मी भांडत होते त्यांच्यावरच वाकडी पडली होती. आणि हे सगळं त्या कार्डांत लिहिलेलं होतं. एकेक घर, एकेक पत्ता. मला ते वाचूनही दाखवलं होतं.

रुग्णांच्या पत्त्यांवरून हिशेब पुन्हा मांडला तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. ती कुठे घेतली हे मला आजवर कळलेलं नाही. निकषांत ते दोन शब्द पुढेही बराच काळ होते. काकांनी ठरवलेल्या वेळेआधी दवाखाना सोडला. तपासणीमुळे का, विचारलं तर म्हणाले, गुडघ्यांमुळे. त्यानंतर तिथे कायमचा डॉक्टर मिळायला फार वेळ गेला, हंगामी डॉक्टर येत-जात राहिले. वस्तीतल्या लोकांना दर वेळी आपली छाती पहिल्यापासून समजावून सांगावी लागे. ही किंमत मी कुठल्याही तक्त्यात मांडू शकले नाही.

सुधारलेला लेख पुढे छापून आला. ऋणनिर्देशात काकांचं कॉलेज मिरजेऐवजी पुण्याचं छापलं होतं. त्यांनी फोन करून तेही सांगितलं.

एक चूक मात्र दुरुस्त करायला कागदच नाही. मी इतक्या डॉक्टरांना वंशभेदाबद्दल विचारलं, जातीबद्दल एकालाही नाही. मेडिकलची जागा कुणाच्या घरात मिळत होती, विलायतेचं भाडं कुणाला उसनं मिळत होतं, इथे आल्यावर महाराष्ट्रीय घरांतली जेवणाची आमंत्रणं कुणाला यायची, कुणाला नाही. आरोग्यातल्या विषमतेवर पोट भरणारी मी, आणि हा प्रश्न मला घरगुती वाटला. माझ्या यादीतली आडनावं नुसती वाचली असती तरी पुरे होतं. नागपूरहून आलेले एक डॉक्टर मुलाखत संपल्यावर कोट घालताना म्हणाले, “तुम्ही ते विचाराल म्हणून मी तयारी करून आलो होतो.” कशाची तयारी, हे मला लगेच कळलं. तरी मी घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणाले.

पुढच्या प्रकल्पाच्या अर्जात मी तो प्रश्न घातला. याचा ब्रिटनमधल्या आरोग्याशी काय संबंध, असं निधी देणाऱ्यांनी विचारलं. मी सविस्तर उत्तर लिहिलं, आणि या वेळी पहिल्या पानावर तक्ता ठेवला नाही. पैसे मिळाले नाहीत.